पेटीवरील रेघांची खूण व ती वाचणारें यंत्र

खताच्या पोत्यावर, औषधाच्या डबीवर, काजूगराच्या पाकिटावर आणि हल्लीं आंब्याच्या पेटीवरही काळ्या उभ्या रेघांचा एक लहानसा चौकोन व त्याखालीं आंकड्यांची एक ओळ दिसते. तिला बारकोड म्हणतात. आपल्या गुरांच्या कानांत जो पिवळा बिल्ला मारतात, त्यावरही बारा आंकडी क्रमांकाबरोबर अशाच रेघा असतात. ही खूण रोज आपल्या हातांतून जाते, परंतु ती वाचली कशी जाते याचा विचार आपण बहुधा करीत नाहीं. कारण आजपर्यंत ती वाचण्याचें काम दुकानदाराचें होतें, आपलें नव्हतें. आतां तसें राहिलेलें नाहीं. बागायतदारांचे लहानमोठे गट आपापला माल एके ठिकाणीं आणून, प्रतवारी करून, पेट्या भरून वाशीस किंवा म्हापशास पाठवूं लागले, म्हणजे कोणाच्या किती पेट्या गेल्या याचा चोख हिशेब ठेवणें ओघानेंच आलें. आणि हा हिशेब चुकला तर एकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यांत जातात.

प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेलें. यंत्रविद्येचें शिक्षण मला नाहीं. मराठी शाळेंत जें गणित शिकलों तेवढीच शिदोरी. सेवेंतून निवृत्त झाल्यावर बांद्याजवळच्या एका पेट्या भरण्याच्या शेडमध्यें आवकजावकीची वही ठेवण्यासाठीं म्हणून मला बोलाविलें, आणि पुढें तेथें कॅमेऱ्यानें खुणा वाचण्याचें यंत्र बसविण्याच्या कामींही माझा हात लागला. त्यांत जें चुकलें व जें साधलें, तें येथें लिहीत आहें. असे प्रयोग करूं पाहणाऱ्या इतर गटांचे चार दिवस तरी त्यामुळें वांचतील.

प्रथम खुणेविषयीं. या रेघांची कल्पना समुद्रकिनाऱ्यावरील वाळूंत जन्मली, हें आपणां किनारपट्टीच्या लोकांस ऐकून बरें वाटेल. अमेरिकेंतील नॉर्मन जोसेफ वुडलंड व बर्नार्ड सिल्व्हर हे दोन तरुण, वाण्याच्या दुकानांतील मालाची नोंद आपोआप कशी व्हावी याच्या विवंचनेंत होते. वुडलंड यांस तारायंत्राची मोर्स लिपि येत होती. मायामी येथील पुळणींत बसले असतां त्यांनीं वाळूंत बोटें टेकविलीं आणि तीं आपल्याकडे ओढलीं. तेव्हां मोर्स लिपींतले ठिपके व रेघा अशाच खालीं लांबविल्या तर बारीक व जाड रेघा तयार होतील, हें त्यांच्या ध्यानांत आलें. १९५२ सालीं या दोघांस पेटंट मिळालें. परंतु खूण वाचण्यास लागणारा प्रखर प्रकाश व स्वस्त गणकयंत्र त्या काळीं नव्हतें, त्यामुळें आज आपण पाहतों ती खूण दुकानांत प्रथम वाचली गेली ती २६ जून १९७४ रोजीं, ओहायो संस्थानांतील ट्रॉय या गांवीं. वस्तु होती च्युइंग गमचें एक पाकीट.

दुकानी मालावरील सर्वसाधारण खूण तेरा आंकडी असते. तिच्यांतील सर्वांत बारीक रेघेच्या जाडीस आपण एक मात्रा म्हणूं. प्रत्येक आंकड्यास सात मात्रांची जागा असते, व तेवढ्या जागेंत दोन काळ्या रेघा आणि दोन पांढऱ्या फटी कमीअधिक जाडीच्या बसवितात. कोणती जाडी कोणत्या आंकड्याची, हें कोष्टकानें ठरलेलें आहे. दोन्ही टोकांस व मध्यें मर्यादा दाखविणाऱ्या बारीक रेघांच्या जोड्या असतात. सर्व मिळून पंचाण्णव मात्रा होतात. गंमत अशी कीं, तेरापैकीं पहिला आंकडा स्वतः कोठेंच काढलेला नसतो. डावीकडील सहा आंकडे कोणत्या दोन प्रकारांनीं काढले आहेत, त्यावरून तो ओळखावयाचा असतो. दोहों बाजूंस कोरी जागा सोडावी लागते, डावीकडे अकरा मात्रा व उजवीकडे सात. ही कोरी जागा खुणेचाच भाग आहे. पुष्कळ छापखानेवाले ती फुकट गेली असें समजून तेथें नांव किंवा चित्र घालतात, आणि मग खूण वाचत नाहीं म्हणून यंत्रास दोष देतात.

शेवटचा, म्हणजे तेरावा आंकडा ताळ्याचा असतो. आम्हां कारकुनांस याची विशेष गोडी वाटावी असा तो आहे. आमच्या शेडमध्यें क्रमांकाची रचना अशी ठेवली : आरंभीं २०, पुढें पांच आंकडे बागायतदाराच्या खात्याचे, व त्यापुढें पांच आंकडे पेटीच्या अनुक्रमाचे. २० नें सुरू होणारे क्रमांक संस्थेनें आपल्या घरांतल्या घरांत वापरावे म्हणून जगभर मोकळे ठेवलेले आहेत. ते दुकानांत विक्रीसाठीं चालत नाहींत. समजा, खातें १४७ व पेटी ३२५ आहे. क्रमांक झाला २०००१४७००३२५. यांतील पहिला, तिसरा, पांचवा असे विषम स्थानींचे आंकडे मिळवूं : २, ०, १, ७, ०, २, बेरीज १२. सम स्थानींचे मिळवूं : ०, ०, ४, ०, ३, ५, बेरीज तीही १२. सम स्थानींच्या बेरजेची तिप्पट ३६, तींत पहिले १२ मिळवून ४८. पुढील दशक पुरें होण्यास २ पाहिजेत, म्हणून ताळ्याचा आंकडा २. पूर्ण क्रमांक २०००१४७००३२५२.

कोणताही एक आंकडा चुकीचा वाचला गेला तर हा ताळा जुळतच नाहीं. शेजारचे दोन आंकडे अदलाबदल झाले, म्हणजे १४७ चे १७४ झाले, तरी ताळा २ ऐवजीं ६ येतो व चूक पकडली जाते. एकच पळवाट राहते : शेजारच्या दोन आंकड्यांत पांचाचा फरक असेल, जसें २ व ७, तर त्यांची अदलाबदल या ताळ्यास कळत नाहीं. रेघा वाचणाऱ्या यंत्राच्या हातून अशी अदलाबदल होत नाहीं. माणूस आंकडे हातानें लिहितो तेव्हां ती होते. हें पुढें उपयोगीं पडेल.

आतां वाचण्याकडे वळूं. दुकानांत हातांत धरतात तें साधें यंत्र लाल प्रकाशाची रेघ खुणेवरून फिरवितें, व परत येणाऱ्या प्रकाशाची कमीजास्ती मोजतें. कॅमेऱ्याचें तसें नाहीं. तो सबंध दृश्याचें चित्र घेतो, आणि गणकयंत्रांतील प्रोग्राम त्या चित्रांत खूण कोठें आहे हें शोधतो. काळें व पांढरें वेगळें करतो. एका आडव्या ओळींत काळ्यापांढऱ्याच्या रुंद्या मोजतो. त्या कोष्टकाशीं जुळवितो. आणि शेवटीं ताळा पाहतो. कोणत्याही पायरीवर अडलें तर पुढचें चित्र घेतो. असे प्रोग्राम लिहिण्याची आपणांस आवश्यकता नाहीं. झेडबार, झेडएक्सिंग, ओपनसीव्ही या नांवांचीं साधनें कोणासही विनामूल्य घेतां येतात, आणि गांवांतला संगणक शिकलेला कोणीही मुलगा तीं लहानशा गणकयंत्रावर बसवूं शकतो. आमच्याकडेही तसेंच झालें. अडचण प्रोग्रामांत आलीच नाहीं. ती आली कॅमेरा कोठें टांगावा, दिवा कोठें ठेवावा आणि चिठ्ठी कशी चिकटवावी यांत.

पहिल्या दिवशीं कॅमेरा आम्हीं शेडच्या तुळईस उंच बांधला. हेतु असा कीं, संपूर्ण टेबल त्याच्या नजरेंत यावें व पेटी कशीही आली तरी खूण दिसावी. पडद्यावर खूण आम्हांस स्वच्छ दिसत होती, पण यंत्र एकही पेटी वाचीना. येथें गणित करावयास पाहिजे होतें, तें आम्हीं केलें नव्हतें. कॅमेऱ्याचें चित्र आडव्या दिशेनें १९२० ठिपक्यांचें असतें. टेबलाची ६०० मिलिमीटर रुंदी त्यांत बसविली, म्हणजे एका मिलिमीटरास ३.२ ठिपके आले. खुणेची मात्रा नेहमींच्या आकारांत ०.३३ मिलिमीटर असते. म्हणजे एका मात्रेच्या वांट्यास जेमतेम एक ठिपका आला. एका ठिपक्यांत अर्धी काळी रेघ व अर्धी पांढरी फट पडली, तर यंत्रास सगळा करडा रंगच दिसणार! मात्रेस निदान दोन, आणि शक्य तर तीन ठिपके मिळाले पाहिजेत, असा नियम धरावा.

त्यावर दोन उपाय आहेत : कॅमेरा खालीं आणून कमी जागा पाहावी, किंवा खूण मोठी छापावी. आम्हीं दोन्ही केले. कॅमेरा इतका खालीं घेतला कीं त्यास ३०० मिलिमीटर रुंदी दिसावी, आणि मात्रा ०.३३ ऐवजीं ०.५ मिलिमीटर केली. आतां मिलिमीटरास ६.४ ठिपके व मात्रेस ३.२ ठिपके झाले. चिठ्ठी कोऱ्या जागेसह साडेछपन्न मिलिमीटर रुंद झाली. पेटीवर तेवढी जागा असतेच. मात्रा अर्धा मिलिमीटर घेण्यास आणखी एक कारण होतें. चिठ्ठ्या छापण्याचीं जीं लहान यंत्रें बाजारांत मिळतात, तीं बहुधा मिलिमीटरास आठ ठिपके छापतात. अशा यंत्रावर अर्धा मिलिमीटर म्हणजे बरोबर चार ठिपके. ०.३३ हें माप त्याच्या ठिपक्यांत नीट बसत नाहीं. मग तें कोठें दोन ठिपक्यांची तर कोठें तीन ठिपक्यांची रेघ काढतें, आणि मूळ लिहिणेंच अशुद्ध होतें. लिहिणाऱ्याचें अक्षर वाईट असेल तर वाचणाऱ्यास चष्मा देऊन काय उपयोग?

कॅमेरा खालीं आणल्यावर यंत्र वाचूं लागलें, परंतु सकाळीं दहा ते साडेअकरा या वेळांत तें मधूनमधून आंधळें होई. दोन दिवस आम्हीं वायरी तपासल्या. शेवटीं ध्यानांत आलें कीं, पत्र्यांत उजेडासाठीं जो पारदर्शक पत्रा बसविला होता, त्यांतून येणारें ऊन त्याच वेळीं टेबलावरून सरकत जात असे. शिवाय चिठ्ठी ओली होऊं नये म्हणून आमचे गडी तिच्यावर चकचकीत चिकटपट्टी लावीत. ऊन त्या पट्टीवरून थेट कॅमेऱ्यांत उसळे, आणि चकाकीखालीं काळी रेघही पांढरी दिसे. चिकटपट्टी बंद केली. पारदर्शक पत्र्याखालीं पांढरा कपडा ताणला. टेबलाच्या दोन्ही अंगांस नळीचे दिवे तिरपे लावून त्यांच्यापुढें दुधी कागद धरला. आणि कॅमेरा अगदीं सरळ खालीं न पाहतां किंचित् कललेला ठेवला. प्रकाश भरपूर पाहिजे, पण तो पसरलेला पाहिजे, एकाच बिंदूंतून येणारा नको. लग्नांतला फोटो काढणारा छत्री कां उघडतो, तें मला त्या दिवशीं कळलें.

रंगाविषयींही एक गोष्ट सांगणें जरूर आहे. हौसेनें कोणी हापूसच्या पेटीवर केशरी किंवा तांबड्या रेघा छापतात. लाल प्रकाशाच्या यंत्रास तांबडी रेघ पांढऱ्यासारखीच दिसते. खूण असून नसल्यासारखी होते. रेघा काळ्या व कागद पांढरा, यापलीकडे शोभेच्या मागें लागूं नये. पुठ्ठ्याच्या तपकिरी रंगावर थेट छापणेंही टाळावें.

तिसरी अडचण वेगाची. पेटी फिरत्या रुळांवरून हातानें ढकलली, तर ती सेकंदांत सहज ३०० मिलिमीटर जाते. कॅमेऱ्याचें पातें सेकंदाचा शंभरावा भाग उघडें राहिलें, तर तेवढ्या वेळांत खूण तीन मिलिमीटर सरकते, म्हणजे सहा मात्रा एकमेकींत मिसळतात. दोन हजारावा भाग उघडें ठेवलें तर सरकणें ०.१५ मिलिमीटर होतें, तें चालतें; परंतु वेळ कमी केला कीं प्रकाश वाढवावा लागतो, आणि दिव्यांचा खर्च येतो. आमच्या शेडमधील एका वृद्ध गड्यानें यावर फुकटचा उपाय सुचविला. त्यानें टेबलाच्या कडेस लांकडाची एक पट्टी ठोकली. पेटी तिला टेकून क्षणभर थांबे, कॅमेरा वाची, मग गडी ती उचलून पुढें सरकवी. तासास पेट्यांची फार मोठी संख्या नसेल तेथें याहून चांगला उपाय नाहीं. मोठ्या शेडमध्यें पट्टा सतत चालत असेल, तर निदान चिठ्ठी अशी चिकटवावी कीं रेघांची लांबी पेटीच्या चालीच्या दिशेनें राहील. मग जें चित्र सरकेल तें रेघेच्या लांबींतच सरकेल, जाडी बिघडणार नाहीं.

बाकीच्या गोष्टी थोडक्यांत सांगतां येतील. कॅमेरा आपणहून नजर जवळ-दूर करणारा असेल तर ती सोय बंद करून नजर एका अंतरावर कायम करावी. नाहींतर मध्येंच गड्याचा हात आला कीं तो हाताकडे पाहूं लागतो. पेट्यांची उंची वेगवेगळी असेल तर उंचीप्रमाणें टेबलाखालीं फळी घालावी. लांकडी पेटीच्या दोन पट्ट्यांमधील फटीवर चिठ्ठी चिकटवूं नये, ती मध्यें वाकते व रेघा आंखूड दिसतात. पेंढ्याची धूळ कॅमेऱ्याच्या कांचेवर बसते. ती रोज सकाळीं सुती कपड्यानें पुसावी. उष्णतेनें काळा पडणारा साधा कागद, ज्यावर दुकानांतलीं बिलें छापतात, तो पेटीसाठीं घेऊं नये. ट्रकच्या उन्हांत तो फिका पडतो किंवा सगळाच काळवंडतो. शाईची फीत लावून छापलेली चिठ्ठी टिकते.

प्रोग्रामास मात्र एक गोष्ट आवर्जून सांगावी लागते : आमची खूण तेरा आंकडी एकाच जातीची आहे, दुसरी कोणतीही वाचूं नकोस. रेघांच्या खुणांच्या अनेक जाती आहेत, व त्यांतल्या कांहींना ताळ्याचा आंकडा नसतो. सर्व जाती खुल्या ठेवल्या तर यंत्र पेटीवरील जाळीचें चित्र किंवा लांकडाच्या शिराही एखादा आंकडा म्हणून वाचून दाखवितें. तसेंच लागोपाठच्या तीन चित्रांत तोच क्रमांक आला तरच तो खरा धरावा, असेंही ठरवून द्यावें. यंत्र न वाचणें परवडतें, चुकीचें वाचणें परवडत नाहीं.

आतां ज्या चुकीनें आमच्या शेडमध्यें खरी कुरबूर झाली, ती सांगतों. वर मीं पेटीच्या अनुक्रमासह जी क्रमांकरचना दिली, ती आम्हांस पहिल्या दिवशीं सुचली नव्हती. प्रथम चिठ्ठीवर फक्त बागायतदाराचें खातें होतें. एका खात्याच्या सर्व पेट्यांवर एकच खूण. पेटी लांकडी पट्टीस टेकून जरा जास्त वेळ थांबली कीं यंत्र तिला दोनदां, तीनदां मोजी. मग आम्हीं, लागोपाठ तोच क्रमांक आला तर एकदांच मोजावा, असें केलें. तेव्हां त्याच बागायतदाराची दुसरी पेटी लगेच पाठोपाठ आली तर ती मोजलीच जाईना. संध्याकाळीं माझ्या हातवहीशीं यंत्राचा मेळ बसेना. एका गृहस्थाच्या पेट्या जास्त लागल्या होत्या, दुसऱ्याच्या कमी. आणि ज्यांच्या कमी लागल्या त्यांनीं, यंत्र माझ्या शेजाऱ्याचें नातेवाईक आहे काय, असें सर्वांसमक्ष विचारलें. त्यांचें बोलणें झोंबलें, पण गैर नव्हतें. हातवही जवळ होती म्हणून तो दिवस निभावला. त्या रात्रीं बसून पेटीगणिक स्वतंत्र क्रमांक देण्याचें ठरविलें. एकच क्रमांक दहा वेळां वाचला तरी पेटी एकच. आणि दोन पेट्या पाठोपाठ आल्या तरी क्रमांक दोन.

यावरून दुसरी एक मागणी पुढें आली. कांहीं बागायतदार म्हणूं लागले कीं, आमच्या चिठ्ठ्यांचा गुंडाळा आम्हांसच द्या, आम्ही घरूनच चिकटवून आणतों. मीं यास विरोध केला. घरीं गेलेला गुंडाळा कोणाच्या पेट्यांवर लागेल हें कोण सांगणार? पेटी शेडमध्यें आली, वजन झालें, प्रत ठरली, कीं तिच्यासमोरच चिठ्ठी छापावी व लावावी. खराब झालेली चिठ्ठी फेकूं नये. तिचा क्रमांक वहींत रद्द म्हणून नोंदवावा. तलाठ्याच्या दप्तरांतून पावतीपुस्तकाचें एक पान फाटलें तरी तें जागच्या जागीं चिकटवून ठेवतात, तेंच हें.

आणि जी पेटी यंत्रास वाचतां येत नाहीं तिचें काय? ती पुढें जाऊं देऊं नये. यंत्रास एक घंटी जोडावी. ठराविक वेळांत खूण वाचली गेली नाहीं तर ती वाजावी, गड्यानें पेटी बाजूस ठेवावी, आणि कारकुनानें रेघांखालचे आंकडे डोळ्यांनीं वाचून हातानें घालावे. येथेंच मघां सांगितलेली पांचाच्या फरकाची पळवाट येते. खातें २७ आणि खातें ७२ असे दोन बागायतदार असतील, तर हातानें घालतांना होणारी चूक ताळा पकडणार नाहीं. आम्हीं खात्यांचे क्रमांक देतांना अशा जोड्या टाळल्या. एक खातें रिकामें सोडलें कीं झालें. शिवाय हातानें घातलेल्या क्रमांकापुढें यादींत वेगळी खूण येते, व गाडी सुटण्यापूर्वीं तेवढेच क्रमांक पुन्हां पाहिले जातात.

पैसे देतांना मोबाइलनें टिपतात त्या चौकोनी ठिपक्यांच्या खुणेविषयीं, म्हणजे क्यूआर कोडविषयीं, वाचक विचारतील. ती १९९४ सालीं जपानांत डेन्सो या मोटारींचे भाग बनविणाऱ्या कंपनींतील मासाहिरो हारा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तयार केली. तिच्या तीन कोपऱ्यांत जे चौकोनांत चौकोन असतात, त्यांतून कोणत्याही दिशेनें रेघ ओढली तरी काळ्यापांढऱ्याचें प्रमाण १, १, ३, १, १ असेंच येतें. त्यामुळें खूण उलटी असो कीं तिरपी, यंत्रास ती लगेच सांपडते. तिच्यांत माहितीची पुनरुक्ति अशा गणितानें केलेली असते कीं खुणेचा कांहीं भाग फाटला किंवा मळला तरी उरलेल्यावरून तो भरून काढतां येतो; चार पायऱ्या आहेत, आणि सर्वांत वरच्या पायरीवर सुमारें तीस टक्क्यांपर्यंतचें नुकसान सोसतें. रेघांच्या खुणेस ही सोय नाहीं. फळावर लावण्याच्या लहान चिठ्ठीस म्हणून चौकोनी खूणच योग्य. तिलाही चारी बाजूंस चार मात्रांची कोरी जागा लागते, आणि आंब्याच्या गोलाईवर ती जितकी लहान तितकी बरी, कारण मोठी चिठ्ठी वळते.

परंतु खूण रेघांची असो वा ठिपक्यांची, ती वाचली गेली म्हणजे माल खरा ठरला, असें मानणारे लोक पाहिले कीं मला आश्चर्य वाटतें. यंत्र चिठ्ठी वाचतें, आंबा वाचीत नाहीं. ८९० नें सुरू होणारा क्रमांक पाहून माल भारतांत पिकला असें पुष्कळजण समजतात. वास्तविक त्याचा अर्थ क्रमांक भारतांतील संस्थेनें दिला एवढाच आहे. चांगल्या चिठ्ठीचें छायाचित्र काढून तशा हजार चिठ्ठ्या छापणें कोणासही अवघड नाहीं, आणि यंत्र त्या हजारही बिनतक्रार वाचील. परप्रांतांतला आंबा आपल्या पेटींत, आपल्या नांवानें विकला जातो हें दुःख आपणांस नवें नाहीं. २०१८ च्या ऑक्टोबरांत रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील हापूसला भौगोलिक मानांकन मिळालें. त्यानें नांवावरचा हक्क कायद्यानें मिळाला, पण वाशीच्या बाजारांत पेटी उघडणाऱ्यास तो हक्क दिसावा कसा, हा प्रश्न राहिलाच.

देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेनें २०२५ च्या हंगामांत या प्रश्नास जें उत्तर काढलें, तें म्हणूनच मला महत्त्वाचें वाटतें. फळागणिक स्वतंत्र क्रमांकाचा, उचकटला तर तें दिसून येईल असा स्टिकर लावावयाचा; ग्राहकानें मोबाइलवरून त्याचें छायाचित्र पाठवून खातरजमा करावयाची; आणि बागायतदारास स्टिकर द्यावयाचे ते त्याच्या झाडांच्या प्रमाणांत. यांतील शेवटचें कलम खरें किमतीचें आहे. झाडें मोजलेलीं आहेत, झाडांवरून स्टिकर मोजलेले आहेत, तेव्हां बाहेरचा आंबा आणून त्यावर लावण्यास स्टिकर उरतच नाहीं. नक्कल केली तर एकच क्रमांक दोन ठिकाणांहून विचारला जाईल, आणि वहीच चोरी सांगेल.

आमच्या खात्यांतलें उदाहरण देतों. सर्व्हे नंबर व हिस्सा यांनीं जमीन कोणती हें कळतें. ती कोणाची हें त्या आंकड्यांत नसतें, तें फेरफाराच्या नोंदींत असतें. सात-बारा आतां संगणकावरून डिजिटल स्वाक्षरीसह मिळतो, व त्यावर पडताळणीचा क्रमांक छापलेला असतो. कागद खरा कीं खोटा हें त्या क्रमांकावरून पाहतां येतें. पण नोंदच चुकीची झाली असेल, तर क्रमांक ती चुकीची नोंदच इमानानें दाखवील. पेटीवरील खुणेचेंही तसेंच आहे. ती म्हणजे वहींतील एका ओळीकडे दाखविलेलें बोट. वही कोण लिहितो, कोणासमोर लिहितो, आणि चूक झाली तर ती कोणाच्या सहीनें दुरुस्त होते, हें संस्थेनें कॅमेरा विकत घेण्यापूर्वीं ठरवावें. आमच्याकडे यंत्राची यादी रोज संध्याकाळीं छापून शेडच्या दारावर लावतात, आणि ज्याच्या पेट्या आहेत त्यानें ती पाहून दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत हरकत घ्यावी असा नियम केला आहे. ज्यांनीं यंत्राचें नातें विचारलें होतें, ते गृहस्थ हल्लीं ती यादी सर्वांत आधीं वाचतात.

हें यंत्र कोणीं घ्यावें? ज्याच्या हंगामांत शंभर-दोनशें पेट्या होतात त्यानें मुळींच घेऊं नये; त्यास वही व पेन्सिल पुरे, फार तर मोबाइलनेंच खूण टिपावी. पुष्कळ खात्यांचा माल एका छपराखालीं मिसळतो, आणि गाडी रात्रीं सुटावयाची असल्यामुळें घाईंत लिहावें लागतें, तेथेंच याचा खरा उपयोग. काजूच्या बियांच्या पोत्यांसही हीच रीत चालते. मात्र पोतें मऊ असल्यामुळें चिठ्ठी थेट त्यावर न चिकटवितां जाड पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लावून तो पोत्याच्या तोंडाशीं सुतळीनें बांधावा.

ज्या गटांस पुढील हंगामांत असें यंत्र बसवावयाचें आहे, त्यांनीं पहिली पेटी येण्याची वाट न पाहतां, मोहोर धरला कीं रिकाम्या पेट्या घेऊन दोन दिवस तालीम करावी. कांहीं चिठ्ठ्या मुद्दाम ओल्या कराव्या, कांहींवर नखानें ओरखडा काढावा, एक उलटी लावावी, एकीवर बोटभर चिखल फांसावा, आणि घंटी कोणत्या पेटीस वाजते तें पाहावें. सकाळीं, भर दुपारीं व दिवे लागल्यावर अशी तिन्ही वेळां ही तालीम करावी, कारण उजेड तिन्ही वेळां निराळा असतो. हंगाम संपल्यावर कॅमेरा खालीं काढून घट्ट झांकणाच्या डब्यांत, वाळविलेल्या तांदुळाची पुरचुंडी घालून ठेवावा. तेरेखोलच्या कांठची आमची पावसाळी हवा कांचेवर बुरशी धरविते. उरलेल्या चिठ्ठ्यांचा गुंडाळाही त्याच डब्यांत ठेवावा, व वहींत शेवटचा वापरलेला क्रमांक लिहून त्याखालीं दोघांच्या सह्या घ्याव्या.